तुषार-संचाची दुरुस्ती : दोष शोधण्याचा क्रम

खरिपाची सुगी आटोपून रब्बीच्या पाण्याची पाळी आली, म्हणजे गोठ्याच्या आडोशाला रचून ठेवलेले तुषार-संचाचे पाईप पुन्हां शेतांत जातात. संच जोडून पंप सुरू केल्यावर दहा फवाऱ्यांपैकीं दोन फिरत नाहींत, तीन नुसते ओघळतात, आणि सांध्यासांध्यांतून पाणी उडतें, असा अनुभव पुष्कळांस येतो. अशा वेळीं बहुतेक गृहस्थ दोहोंपैकीं एक मार्ग धरतात. कांहीं जण आहे तसाच संच रेटून हंगाम काढतात; कांहीं जण फवारे बिघडले असें समजून नवे विकत आणतात. नवे बसवूनही दोष जात नाहीं, तेव्हां 'हा संचच वाईट' असा निकाल देऊन ते पुन्हां पाटपाण्याकडे वळतात, आणि हजारों रुपयांचें साहित्य अडगळींत पडतें.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसवावयाची आहे. दोष फवाऱ्यावर दिसतो म्हणून तो फवाऱ्यांतच असेल असें धरून चालूं नये. पाणी विहिरींतून निघून पिकावर पडेपर्यंत ज्या वाटेनें जातें, त्याच वाटेनें आपणही चालत जावें, प्रत्येक टप्प्यावर मोजून पाहावें, आणि मगच पाना हातीं घ्यावा. या क्रमानें गेल्यास बहुतेक दुरुस्त्या घरच्या घरीं, थोडक्या पैशांत होतात.

फवारा फिरतो कसा

शेतांत सर्रास ज्यास 'नोझल' म्हणतात त्या संपूर्ण फिरत्या भागास आम्ही या लेखांत फवारा म्हणूं, व पाणी ज्या पितळी अथवा प्लास्टिकच्या तोंडांतून सुटतें, त्यासच नोझल म्हणूं. आपल्याकडे बहुधा वापरला जातो तो ठोका देत फिरणारा फवारा अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत ग्लेंडोरा येथील ऑर्टन एंगलहार्ट या फळबागाइतदारानें १९३३ सालीं तयार केला, व १९३५ सालीं त्यास त्याचा एकाधिकार मिळाला. लिंबूवर्गीय बागांसाठीं निघालेलें हें साधन पुढें धान्याच्या शेतांत, क्रीडांगणांवर आणि घरापुढील हिरवळीवर सर्वत्र पसरलें.

त्याची रचना सोपी आहे. नोझलांतून सुटलेली धार झुलत्या दांड्याच्या टोंकाशीं असलेल्या चमच्यावर आदळते. त्या आघातानें दांडा बाजूस फेकला जातो. वरची स्प्रिंग त्यास परत ओढते. परत येतां येतां तो फवाऱ्याच्या अंगावर ठोका देतो, आणि त्या ठोक्यासरशीं फवारा थोडासा सरकतो. असे ठोके पडत पडत एक फेरा पुरा होतो. यावरून उघड आहे कीं, फवाऱ्यास फिरविणारी शक्ति म्हणजे पाण्याची धारच होय. धार दुबळी झाली तर निर्दोष फवाराही मंदावेल. म्हणून फवारा उघडण्यापूर्वीं धारेची परीक्षा केली पाहिजे.

दाबाची परीक्षा

लहान व मध्यम फवाऱ्यांस नोझलाशीं साधारणपणें दर चौरस सेंटिमीटरला २ ते ३ किलो दाब लागतो. १ किलो दाब म्हणजे सुमारें १० मीटर उंचीच्या पाण्याचा भार. अर्थात् अडीच किलो दाबासाठीं २५ मीटरांचा भार नोझलापर्यंत शिल्लक राहावा लागतो.

दाब कमी कीं जास्त हें नुसत्या डोळ्यांनींही बरेंचसें कळतें. दाब कमी असला म्हणजे धार नीट फुटत नाहीं, थेंब जाड पडतात, आणि बरेंचसें पाणी फवाऱ्यापासून दूर एका कड्यांत पडून मधली जागा कोरडी राहते. जाड थेंबांनीं काळ्या जमिनीचा पृष्ठभाग चोपला जाऊन त्यावर पापुद्रा धरतो, व पाणी मुरण्याऐवजीं वाहूं लागतें. याच्या उलट दाब प्रमाणाबाहेर झाला तर पाण्याचें धुकें होतें. तें फवाऱ्याच्या जवळच पडतें, किंवा वाऱ्यानें शेजाऱ्याच्या शेतांत जातें.

टोंकाला बारीक वांकडी नळी असलेला दाबमापक मिळाल्यास तो धारेंत, नोझलाच्या तोंडापासून सुमारें ३ मिलिमीटरांवर धरावा, म्हणजे कांटा थेट दाब दाखवितो. तो नसल्यास बादली व घड्याळ पुरे. झुलता दांडा दोरीनें बांधून ठेवावा, नोझलावर रबरी नळीचा सैल तुकडा बसवावा, आणि एका मिनिटांत बादलींत किती पाणी जमतें तें मोजावें. ४ मिलिमीटर व्यासाच्या, न झिजलेल्या नोझलांतून अडीच किलो दाबास मिनिटाला सुमारें १६ लिटर पाणी येतें. १३ लिटर आलें तर दाब पावणेदोन किलोंच्या आसपास आहे असें समजावें. १० लिटर आलें तर तो जेमतेम १ किलो आहे. फवाऱ्यास दोन नोझल असल्यास प्रत्येकाचें पाणी वेगळें मोजावें.

येथें एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पाण्याचें प्रमाण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणें बदलतें. दाब निम्मा झाला तरी पाणी निम्मे होत नाहीं; तें शेंकडा ७१ इतकें उरतें. यामुळें मनुष्य फसतो. पाणी बरेंच येतांना दिसतें, परंतु धारेचा पल्ला घटलेला असतो व तें भलत्याच जागीं पडत असतें.

मापन तीन ठिकाणीं करावें: पंपाजवळच्या पहिल्या फवाऱ्याशीं, मधल्याशीं व ओळीच्या शेवटच्याशीं. तिन्ही ठिकाणीं दाब सारखाच कमी असला तर दोष पंपाकडे अथवा मुख्य पाईपांत आहे. पहिल्याशीं चांगला व शेवटीं कमी असला तर वाटेंत गळती आहे, कोठें कचरा अडकला आहे, किंवा ओळ लांब होऊन फवारे जास्त झाले आहेत. एका ओळींतील पहिल्या व शेवटच्या फवाऱ्याच्या दाबांत शेंकडा २० हून अधिक फरक पडूं देऊं नये. म्हणजे पाण्यांतील फरक शेंकडा १० च्या आंत राहतो. दाब सर्वत्र नीट असून एखादाच फवारा हट्ट करीत असेल, तर मात्र दोष त्या फवाऱ्यांत आहे. इतकें कळलें म्हणजे अर्धी दुरुस्ती झालीच.

विहीर आणि पंप

पंपाजवळ हात घालण्यापूर्वीं विजेचा मुख्य खटका बंद करून फ्यूज काढून घ्यावे, व ते स्वतःच्या खिशांत ठेवावे. ओल्या हातानें व ओल्या जमिनीवर उभें राहून घाई केल्यानें प्राणावर बेततें.

पंप पाटपाण्यासाठीं घेतलेला असेल तर तो तुषार-संचास पुरेलच असें नाहीं. समजा, विहिरींतील पाणी जमिनीखालीं ८ मीटर, शेत विहिरीपेक्षां ४ मीटर उंच, फवाऱ्याची उभी नळी १ मीटर, पाईपांतील घर्षणाचा तोटा ५ मीटर आणि नोझलाशीं हवा असलेला भार २५ मीटर. बेरीज ४३ मीटर झाली. पाटांत पाणी टाकण्यास यांतील शेवटचे २५ मीटर लागत नाहींत; म्हणून जो पंप पाटांत धो धो पाणी ओततो, तोच फवाऱ्यांपुढें निस्तेज होतो. शिवाय मार्गशीर्षांत ८ मीटरांवर असलेलें पाणी फाल्गुनांत १२ मीटरांवर गेलें, तर तितका भार आणखी वाढला. अशा वेळीं फवारे बदलण्यापेक्षां एका वेळीं चालणाऱ्या फवाऱ्यांची संख्या कमी करावी. दहाऐवजीं सात चालवून दाब भरून आला, तर दोष पंपाच्या शक्तीचा होता हें सिद्ध झालें.

फवाऱ्यांची धार मधून मधून तुटत असेल व त्यांतून हवा फुत्कारत असेल, तर पंप ओढनळींतून हवा घेत आहे असें समजावें. ओढनळीच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहावा. जेथें फेस आंत ओढला जातो, तेथें छिद्र आहे. सांधा उकलून नवा वॉशर घालावा. पंप बंद केल्यावर ओढनळींतील पाणी उतरून जात असेल, तर तळच्या झडपेचा वॉशर फाटला आहे किंवा तींत काडी अडकली आहे. तळच्या जाळीस शेवाळ व पालापाचोळा लागून वाट बुजली असल्यास ती साफ करावी. गाळणी असल्यास तिच्या दोन्ही बाजूंचा दाब पाहावा. दोहोंत फरक वाढूं लागला म्हणजे जाळी धुण्याची वेळ झाली.

पाईप आणि सांधे

गळती किरकोळ वाटते, परंतु हिशेब करून पाहिला म्हणजे डोळे उघडतात. अडीच किलो दाबास पाईपाला पडलेल्या ५ मिलिमीटरांच्या भोंकांतून मिनिटाला सुमारें १६ लिटर पाणी जातें. म्हणजे एका पुऱ्या नोझलाइतकें. सहा तासांच्या पाळींत हा आंकडा पावणेसहा हजार लिटरांच्या घरांत जातो. अशीं दोन-तीन भोंकें असलीं कीं ओळीच्या टोंकाचे फवारे उपाशी राहतात, आणि आपण दोष त्या बिचाऱ्यांस देतों.

सांध्याची रबरी रिंग हा संचाचा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित भाग होय. तिचा ओंठ पाण्याच्या दाबानें फुगून पाईपास घट्ट बसतो. म्हणून पंप सुरू होतांना सांधे थोडे गळले तर घाबरूं नये. दाब भरल्यावर तें थांबतें. दाब भरल्यावरही गळत असेल तर चार कारणें पाहावीं: रिंगेखालीं वाळू बसली आहे, रिंग उलटी घातली गेली आहे, ती उन्हानें कडक होऊन चिरली आहे, अथवा पाईपाचें टोंक घसटून लंबगोल झालें आहे. पहिल्या दोहोंस खर्च नाहीं. रिंग काढून खांच स्वच्छ धुवावी, व ओंठ दाबाच्या पाण्याकडे उघडा राहील अशी पुन्हां बसवावी. बसवितांना साबणाचें पाणी लावावें. ग्रीस, रॉकेल अथवा यंत्राचें तेल लावण्याची चाल मोडली पाहिजे. खनिज तेलानें रबर फुगतें व लवकरच निकामी होतें.

काळ्या पॉलिथिनच्या पाईपास चीर पडल्यास कित्येक जण पी.व्ही.सी.चा चिकट द्राव लावतात. तो द्राव या पाईपास धरतच नाहीं. श्रम व पैसे दोन्ही फुकट जातात. चिरलेला भाग सरळ कापून काढावा, आणि दोन्ही तोंडें तापलेल्या पत्र्यावर वितळवून एकमेकांस जोडून घ्यावीं, किंवा मध्यें नवा कपलर बसवावा. जोडकाम करणारा कारागीर तालुक्याच्या गांवीं बहुधा मिळतो. चार-सहा पाईप जमवून एकदमच न्यावे. उंदरांनीं कुरतडलेल्या पाईपास चिंध्या व सुतळी गुंडाळणें हा त्या दिवसापुरता उपाय समजावा.

सांधे दुरुस्त झाल्यावर फवारे चढविण्यापूर्वीं ओळीच्या टोंकाची टोपी काढून पाणी मोकळें सोडावें. पाईपांत शिरलेली माती, गोगलगाई, कोळ्यांचीं घरें व उंदरांनीं भरलेला काडीकचरा बाहेर पडून स्वच्छ पाणी येईपर्यंत तें वाहूं द्यावें. या पांच मिनिटांच्या कामानें हंगामांतील निम्मी तुंबातुंब टळते.

नोझल

नोझल तुंबल्यास तें तारेनें किंवा खिळ्यानें कोरूं नये. पोलादाच्या तारेनें पितळेवर ओरखडे पडतात, धार फांटते व पल्ला घटतो. नोझल पान्यानें काढून मागच्या बाजूनें पाणी मारावें, व न निघाल्यास खराट्याच्या काडीनें किंवा लाकडी सळईनें कचरा ढकलून काढावा.

तुंबण्यापेक्षां झिजणें हा दोष अधिक घातक, कारण तो दिसत नाहीं. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यांत बारीक वाळू असली कीं ती दररोज नोझलाचें तोंड खरवडीत असते. त्याची परीक्षा सुताराकडील गिरमिटाच्या पात्यानें होते. नोझलावर ४ मिलिमीटर लिहिलें असेल तर त्याच मापाच्या पात्याचा गुळगुळीत दांडा तोंडांत घालून पाहावा. तो नेटका बसला तर नोझल शाबूत. हलूं लागला तर झिजलें. ही परीक्षा बादलीच्या परीक्षेपूर्वीं करावी, नाहीं तर झिजेमुळें आलेलें जास्त पाणी चांगल्या दाबाचें लक्षण वाटेल.

४ मिलिमीटरांचें तोंड ४.४ झालें, तर व्यास शेंकडा १० नें वाढला. परंतु पाण्याची वाट शेंकडा २१ नें वाढली. दहाही नोझल असे झिजले, तर दोन फवारे आणखी जोडल्याप्रमाणें पंपावर भार पडतो, दाब खचतो, व वर वर्णिलेली जाड थेंबांची अवस्था येते. म्हणून झिजलेले नोझल एकेक न बदलतां सर्व ओळीचे एकदम बदलावे, आणि सर्व एकाच मापाचे घालावे. दुकानदाराकडे ४ चा नाहीं म्हणून ५ चा आणून बसविला, तर त्या एका फवाऱ्यास दीडपटीहून अधिक पाणी जाईल.

न फिरणारा फवारा

दाब ठीक, नोझल ठीक, तरीही फवारा फिरत नसेल तर प्रथम उभी नळी पाहावी. ती कलली असली तर फवारा चढाच्या बाजूस अडतो, व एका अंगास पाणी लांब तर दुसऱ्या अंगास आंखूड पडतें. नळी ओळंब्यांत उभी करून तिला खुंटीचा आधार द्यावा. ती पिकाहून उंच असावी. गव्हाच्या ओंब्यांत दांडा अडकला तर दोष फवाऱ्याचा नव्हे.

त्यानंतर फवारा हातानें फिरवावा. जड फिरत असल्यास बुडाच्या वॉशरांत वाळू गेली आहे. भाग उकलतांना वॉशर ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें फडक्यावर मांडावे. त्यांचा क्रम चुकला कीं फवारा एक तर गळतो, नाहीं तर जाम होतो. स्वच्छ पाण्यांत धुवून, झिजलेले वॉशर बदलून तो पुन्हां जोडावा. येथेंही तेल घालण्याचा मोह आवरावा. या फवाऱ्याच्या फिरण्यास पाणी हेंच वंगण असतें. तेलास वाळू चिकटून तिची कानस बनते.

फवारा हातानें हलका फिरतो, पण पाण्यावर फिरत नाहीं, असें असल्यास स्प्रिंग व चमचा पाहावा. स्प्रिंग सैल पडली तर दांडा परत येऊन ठोका देत नाहीं. फार ताठ असली तर तो दूरच जात नाहीं. वांकलेला चमचा पकडीनें अंदाजानें सरळ करूं नये. चांगल्या फवाऱ्याशीं ताडून पाहावें, व फरक मोठा असल्यास दांडाच बदलावा. एक फेरा साधारण एका मिनिटांत व्हावा. फार वेगानें फिरणाऱ्या फवाऱ्याचा पल्ला घटतो.

डब्यांची परीक्षा

दुरुस्ती झाली असें आपण म्हणतों. पण ती खरोखर झाली कीं नाहीं हें पिकानें सांगण्याची वाट पाहूं नये. त्यासाठीं सोपी कसोटी आहे. फवारे १२ मीटर अंतरावर असतील तर चार फवाऱ्यांमधील चौकोनांत एकाच आकाराचे १६ डबे चार ओळींत, ३-३ मीटरांवर मांडावे. सकाळीं वारा पडलेला असतांना एक तास संच चालवावा. या चौकोनावर जितक्या फवाऱ्यांचें पाणी पडतें, तितके सर्व त्या वेळीं किंवा पाठोपाठ तितकाच वेळ चालले पाहिजेत. मग प्रत्येक डब्यांतील पाणी मोजावें. १० सेंटिमीटर व्यासाच्या डब्यांत ८ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापानें हें मोजतां येतें.

समजा, एका संचाचे आंकडे मिलिमीटरांत असे आले:

८, ७, ७, ८
६, ५, ५, ६
६, ५, ५, ७
८, ७, ७, ७

आणि दुसऱ्या संचाचे असे:

११, ८, ७, १२
६, ३, ३, ६
६, ३, २, ७
१०, ७, ६, ७

दोहोंची बेरीज १०४ व सरासरी ६॥ मिलिमीटर. नुसती सरासरी पाहणाऱ्यास दोन्ही संच सारखेच. आतां प्रत्येक आंकडा सरासरीपासून किती दूर आहे, कमी असो वा जास्त, त्या अंतरांची बेरीज करावी. पहिल्याची १५ येते, दुसऱ्याची ३४. तिला १०४ नें भागून शेंकडेवारी काढावी, व ती १०० मधून वजा करावी. पहिल्याची समता शेंकडा ८५॥ च्या जवळपास, दुसऱ्याची अवघी ६७. ही रीत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील क्रिस्टियनसेन यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केली, व ती आजही सर्वत्र वापरली जाते. समता ८५ च्या आसपास असली म्हणजे संच चांगला समजतात.

या आंकड्यांचा पिकाशीं काय संबंध तें पाहा. प्रत्येक जागीं निदान २० मिलिमीटर पाणी पोंचवावयाचें असेल, तर पहिला संच ४ तास चालवून भागतें. त्याच्या सर्वांत कोरड्या जागीं २० व सर्वांत ओल्या जागीं ३२ मिलिमीटर पडतें. दुसऱ्या संचाच्या कोरड्या जागीं २० पोंचविण्यास १० तास लागतील, आणि तोंपर्यंत ओल्या जागीं १२० मिलिमीटर पडलेलें असेल. विजेचे सहा तास आणि विहिरीचें अडीचपट पाणी केवळ विषमतेपायीं गेलें.

जो १० तास चालवूं शकत नाहीं, त्याचें नुकसान निराळ्या मार्गानें होतें. गव्हास मुकुटमुळें फुटण्याच्या वेळीं, भुईमुगास आऱ्या सुटण्याच्या वेळीं त्या कोरड्या पट्ट्यांत ताण बसतो. आणि त्याच शेतांतील ओल्या पट्ट्यांत हरभरा उभळतो. मालक ते पट्टे पाहून 'जमीन हलकी आहे', 'बीं खराब निघालें' असें म्हणतो व वरून खताची मात्रा देतो. दोष फवाऱ्यांच्या ओळींशीं समांतर दिसत असेल, ठराविक अंतरावर पुन्हां पुन्हां येत असेल, तर तो जमिनीचा नव्हे, पाण्याचा आहे, हें ओळखावें.

घरापुढील हिरवळ

आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरापुढें अथवा मुलांच्या शहरांतील बंगल्यापुढें हिरवळ असते व तीस जमिनींत पुरलेल्या नळ्यांतून पाणी दिलें जातें. तेथें फवारे पाण्याच्या दाबानें वर उठतात व पाणी बंद होतांच खालीं बसतात. नळ्या पुरलेल्या असल्यामुळें दोष शोधणें कठीण वाटतें, परंतु क्रम तोच. एका भागांतील सर्वच फवारे उठत नसतील तर त्या भागाची झडप, तिचा पडदा किंवा वीजतार पाहावी. एकच फवारा अर्धवट उठत असेल तर त्याच्या भोंवतीं साचलेली माती व गवताचीं मुळें काढावीं, व तळची जाळी धुवावी. जमीन एकाच जागीं सदा ओली राहत असेल, तर तेथें पुरलेली नळी किंवा सांधा फुटला आहे. खणतांना कुदळ न वापरतां खुरप्यानें माती काढावी, नाहीं तर एका भोंकाचीं दोन होतात. मात्र उतारावर बसविलेल्या सर्वांत खालच्या फवाऱ्यांतून पाणी बंद केल्यावर थोडा वेळ पाझर राहतो; तो नळींत उरलेल्या पाण्याचा असतो, त्यास फूट समजूं नये.

हंगामाच्या शेवटीं

दुरुस्तीचा निम्मा खर्च संच ठेवण्याच्या रीतींत वांचतो. शेवटची पाळी झाली म्हणजे पाईप उचलण्यापूर्वीं प्रत्येक फवारा व सांधा पाहून ज्यांत दोष असेल त्यास रंगाची खूण करावी. सहा महिन्यांनंतर कोणता फवारा अडत होता हें कोणासच आठवत नाहीं. रिंगा काढून, धुवून, वाळवून, अंधाऱ्या जागीं डब्यांत ठेवाव्या. त्या ओढून खिळ्यास टांगूं नयेत. पाईप सपाट जागीं, सावलींत, दोन्ही टोंकांस चिंध्यांचे बोळे घालून रचावे, म्हणजे उंदीर शिरत नाहींत. शेतांतून नेतांना ते जमिनीवरून ओढूं नयेत. टोंकांची जी घसट होते तीच पुढें गळतीचें मूळ बनते.

प्रत्येक संचाबरोबर एक लहान पेटी असावी. तींत सहा-आठ रबरी रिंगा, दहा वॉशर, नोझलांचा एक पुरा जोड, एक-दोन स्प्रिंगा, योग्य मापाचा पाना, गिरमिटाचें तेंच मापाचें पातें आणि साबणाची वडी ठेवावी. रब्बींतील पाण्याची वीज ठराविक तासच येते. त्या तासांत तालुक्याच्या बाजारीं रिंग आणावयास धांवणें म्हणजे एक पाळी गमावणें होय.

शेवटीं इतकेंच सांगावयाचें कीं, विहिरींतील पाणी वर्षावर्षास खोल जात असतां, तें वर काढल्यावर असमान वांटणें हा अपराध आपल्याच पिकाशीं होतो. नवा संच घेण्यास पैसा लागतो. आहे तो नीट ठेवण्यास लागतो तो क्रम आणि एक सकाळ. येत्या पाळीपूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या शेतांत सोळा डबे एकवार मांडून पाहावे व आलेले आंकडे वहींत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीं त्याच जागीं पुन्हां मोजतां आलें, म्हणजे संच किती थकला आहे हें सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज उरणार नाहीं.